नेट गेलं म्हणजे जीपीएस गेलं असं नाही

"घाटात रेंज नसते, तिथे मोबाइलचं जीपीएस बंद पडतं, गाडीला वेगळं नेव्हिगेशन यंत्रच बसवा," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे.

लोकांचा अनुभव खरा आहे. ताम्हिणीत रेंज गेली की पडद्यावरचा नकाशा कोरा होतो. पण नीट बघा, त्या कोऱ्या पडद्यावरही निळा ठिपका पुढे सरकत असतो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचे संदेश पाठवतात. फोन ते रेडिओसारखे फक्त ऐकतो. चार उपग्रह ऐकू आले की आपली जागा ठरते. त्याला डेटा लागत नाही, सिमकार्डही नाही. नेट लागतं ते नकाशा उतरवायला आणि ट्रॅफिक कळायला.

खात्री करायची तर घरच्या वायफायवर आपल्या भागाचा नकाशा डाउनलोड करा. मग मोकळ्या मैदानात फोन एअरप्लेन मोडवर टाका, लोकेशन चालू ठेवा आणि चालू लागा. पहिल्यांदा ठिपका यायला थोडा वेळ लागेल, कारण एरवी उपग्रहांची माहिती नेटवरून झटकन मिळते. आता ती थेट उपग्रहांकडून घ्यावी लागते. तेवढा धीर धराच.

वेगळं यंत्रही याच उपग्रहांवर चालतं. नकाशे त्यात आधीच भरलेले असतात, म्हणून ते घाटात अडत नाही. बोगद्यात मात्र आकाशच दिसत नाही, तिथे दोघांनाही उपग्रह ऐकू येत नाहीत. म्हणून केवळ रेंजच्या भीतीने नवं यंत्र घेऊ नका. निघण्याआधी नकाशा उतरवून ठेवा.