पक्ष, माणूस की कुणीच नाही: मतपत्रिकेच्या कागदावर घडलेली निवड

मतदार पक्ष पाहून मत देतो की माणूस पाहून, हा वाद प्रत्येक निवडणुकीत रंगतो. मत न देणाऱ्याचा विचार त्यात कुणी करत नाही. फार तर त्याला आळशी म्हणून सगळे मोकळे होतात. मला ते पटत नाही. या तिन्ही वाटा मतदाराला कायम खुल्या नव्हत्या. कुठली वाट केव्हा उघडली हे कळायला त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्ष छापत. तिला तिकीट म्हणत. बऱ्याचदा कागद रंगीत असे आणि त्यावर वरच्या पदापासून गावातल्या पदापर्यंत त्या एकाच पक्षाच्या उमेदवारांची नावं असत. मतदाराने ते कार्यकर्त्याकडून घ्यायचं आणि सगळ्यांदेखत पेटीत टाकायचं. रंगावरूनच लांबून कळे, मत कुणाला पडलं ते. यादीतला एखादा माणूस नको असेल तर त्याचं नाव खोडून दुसरं लिहायचं, नाहीतर मागे गोंद लावलेली छापील नावाची चिंचोळी पट्टी त्यावर डकवायची. नाराज उमेदवार अशा पट्ट्या वाटत. पट्ट्यांना जागाच मिळू नये म्हणून काही ठिकाणी तिकिटं मुद्दाम अरुंद आणि नावं दाटीवाटीने छापली जात. त्या काळच्या पक्षनिष्ठेचे आकडे वाचताना मला ही पट्टी आठवते. त्या निष्ठेतली किती मनापासूनची होती आणि किती कागदाने लादलेली, हे आकड्यांवरून सांगता येत नाही.

हे बदललं ते ऑस्ट्रेलियातून. 1856 मध्ये व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी सरकारी मतपत्रिका आणली. सगळ्या उमेदवारांची नावं एकाच कागदावर, आणि मत आडोशाला जाऊन द्यायचं. ब्रिटनने ही पद्धत 1872 मध्ये घेतली, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने 1888 मध्ये. मॅसॅच्युसेट्सच्या कागदावर नावं पदानुसार मांडलेली होती. इतर काही राज्यांनी ती पक्षानुसार मांडली, म्हणजे एका खुणेत अख्ख्या पक्षाला मत देता येई. एका पदाला या पक्षाचा आणि दुसऱ्या पदाला त्या पक्षाचा उमेदवार निवडणं सरकारी कागदामुळे वाढलं, आणि पदानुसार मांडणी होती तिथे ते जास्त वाढलं. मतदार तेच होते, फक्त रकाने वेगळे.

पण सगळं कागदावर ढकलूनही चालणार नाही. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर 1969 च्या कायद्यापर्यंत पक्षाचं नावच नसे, फक्त उमेदवाराची ओळख. तरीही 1951 च्या निवडणुकीत दोनच पक्षांना मिळून 96 टक्क्यांहून अधिक मतं पडली. लोक पक्ष घरूनच मनात घेऊन येत होते.

हे मनातलं ओझं मोजायचा पहिला मोठा प्रयत्न कोलंबिया विद्यापीठाच्या पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 1940 मध्ये ओहायोतल्या ईरी काउंटीत केला. निवडणुकीआधी अनेक महिने ते त्याच त्या लोकांना पुन्हा पुन्हा भेटत राहिले. बहुतेकांचं मत सुरुवातीलाच ठरलेलं निघालं. पण ज्यांना धर्म एका पक्षाकडे आणि पैशाची परिस्थिती दुसऱ्याकडे ओढत होती, ते शेवटपर्यंत ठरवू शकत नव्हते. काहींचा निवडणुकीतला रसच कमी झाला. मला या सगळ्या इतिहासात हा सर्वांत मोलाचा शोध वाटतो. घरी बसणाऱ्यांमध्ये दोन्हीकडून ओढला गेलेला माणूसही असतो.

पुढे 1960 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की पक्षाची ओढ बरेचदा आईवडिलांकडून येते आणि एखाद्या निवडणुकीत दुसऱ्या उमेदवाराला मत देऊनही ती टिकते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्सने 1957 मध्येच वेगळी बाजू मांडली होती. एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य असेल, तर मत न देणं हाही हिशेबी निर्णय असू शकतो. आणि पक्षाला वठणीवर आणायला त्याचा निष्ठावंतसुद्धा एखादी निवडणूक सोडून देऊ शकतो.

मत न देणाऱ्याचं करायचं काय, यावर ऑस्ट्रेलियाने 1924 मध्ये सक्तीचा उपाय काढला. 1922 मध्ये 60 टक्क्यांच्या आत असलेलं मतदान 1925 मध्ये 91 टक्क्यांवर गेलं. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने 1975 मध्ये मतपत्रिकेवर ‘यांपैकी कुणीही नाही’ ही ओळ छापली. पुढच्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या एका प्राथमिक फेरीत ही ओळ पहिली आली आणि उमेदवारी दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला मिळाली.

भारतात आधी नियम 49-ओ होता. नोंदवहीत सही झाल्यावर, मत द्यायचं नाही असं मतदाराने केंद्राध्यक्षाला सांगायचं. तो शेरा लिहिणार आणि त्यावर पुन्हा सही किंवा अंगठा. समोर उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले. मत देणाऱ्याला गुप्तता होती, नाकारणाऱ्याला नव्हती, आणि हा सरळसरळ अन्याय होता. 27 सप्टेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो दूर केला आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकांत यंत्रावर ‘नोटा’चं बटण आलं. लोकसभा-विधानसभेत मात्र नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी निवडून येतो तो उमेदवारांमध्ये पुढे असलेलाच.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि पक्षाने मतदारांना नोटा दाबायला सांगितलं. नोटाला 2,18,674 मतं पडली, दुसऱ्या क्रमांकाची. त्यात पक्षाचं ऐकणारे किती, समोरच्या नावांपैकी कुणीच नको म्हणणारे किती आणि एरवी घरी बसले असते असे किती, हे यंत्रातल्या त्या एका आकड्यात वेगळं होत नाही.