पार्श्वभूमी: तर्कदोष दाखवणाऱ्यावरची जबाबदारी

समोरच्याच्या बोलण्यावर ‘हा तर्कदोष आहे’ असा शिक्का मारून मोकळं होणं सोपं झालंय, कारण दोषांच्या तयार याद्या हाताशी असतात. या याद्या ज्या वादांतून निघाल्या, त्यांना मात्र नियम होते.

ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात १३ दोष सांगितले: ६ भाषेमुळे होणारे, ७ इतर. त्या वेळच्या वादात एक जण प्रश्न विचारी आणि दुसरा बहुधा ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देई. उत्तर देणारा स्वतःच्याच म्हणण्याविरुद्ध गेला की प्रश्नकर्ता जिंकला. दोन प्रश्न एकात गुंडाळणं या यादीत का आलं, ते यावरून कळतं. ‘खोटं बोलणं सोडलंस का?’ याला हो म्हणा की नाही, आधी खोटं बोलत होतो हे कबूल होतंच.

न्यायसूत्रं या प्राचीन भारतीय तर्कग्रंथाची मांडणी आणखी काटेकोर आहे. सत्य ठरवण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची मोडायची ती वितंडा. पुढे ५ हेत्वाभास म्हणजे वरवर खरी वाटणारी पण सदोष कारणं, ३ छल म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा अर्थ मुद्दाम वळवणं, २४ जाती म्हणजे फसवी प्रत्युत्तरं, आणि २२ निग्रहस्थानं, म्हणजे ज्यांवर हार ठरते ती ठिकाणं. या २२ पैकी दोन जरा थांबून पाहण्यासारखी आहेत. समोरचा पकडीत आलेला असताना त्याची चूक न दाखवणं हे ‘पर्यनुयोज्योपेक्षण’. चूक नसताना चूक काढणं हे ‘निरनुयोज्यानुयोग’. म्हणजे खोटा आरोप करणाराच हरला! आजच्या प्रचलित याद्यांत ही तरतूद नसते, आणि बरीचशी भांडणं तिथेच सुरू होतात.

‘ॲड होमिनेम’, म्हणजे माणसाला उद्देशून केलेला युक्तिवाद, याचंच घ्या. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस हे नाव वापरलं ते समोरच्याने मान्य केलेल्या तत्त्वांवरूनच त्याला कोंडीत पकडण्यासाठी. व्यक्तिगत हल्ला हा अर्थ नंतर रूढ झाला, आणि आता तर नुसत्या शिवीलाही हे नाव चिकटवतात. ‘आकडे चुकलेत, आणि तुम्ही उद्धट आहात’ हा उद्धटपणाचा शेरा आहे, तर्कदोष नाही. ‘तुम्ही उद्धट आहात, म्हणून आकडे चुकलेत’ हा दोष. ‘म्हणून’ कुठे आहे ते आधी शोधावं. साक्षीदाराच्या हितसंबंधांवर बोट ठेवणं तर अनेकदा रास्तच असतं, कारण तिथे प्रश्न त्याच्या शब्दावर विसंबायचं का, हाच असतो.

तत्त्वज्ञ चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी १९७० साली तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतल्या दोषांवरच्या प्रकरणांची चांगलीच झडती घेतली: तीच उदाहरणं, त्याच उथळ व्याख्या, पिढ्यान् पिढ्या. त्यानंतर ॲमस्टरडॅमचे युक्तिवादाचे अभ्यासक फ्रान्स व्हॅन एमेरेन आणि रॉब ग्रोटेनडॉर्स्ट यांनी दोष म्हणजे चर्चेच्या नियमाचा भंग, अशी मांडणी केली. तर्काचे अभ्यासक डग्लस वॉल्टन यांनी दाखवलं की एकच युक्तिवाद एका प्रसंगी रास्त आणि दुसऱ्या प्रसंगी सदोष असू शकतो. तज्ज्ञाचा हवाला आला, तर तो याच विषयातला तज्ज्ञ आहे का आणि इतर तज्ज्ञांचं मत काय, हे विचारायचं.

म्हणून नाव घेण्याआधी समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं उद्धृत करावं, त्यातली कोणती पायरी निसटते ते सांगावं, आणि काय दिलं तर ती भरून निघेल तेही. पायरी सापडली तर बहुतेक वेळा नावाची गरजच उरत नाही. ती खरोखर निसटलेली असली, तरी त्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही. तो या युक्तिवादाने सिद्ध झाला नाही, एवढंच.