प्रोसेसरचे तापमान, जड कामाच्या वेळचे

प्रोसेसरचे तापमान : संगणकाचा प्रोसेसर पूर्ण ताकदीने काम करीत असताना त्याच्या सिलिकॉन चिपवर मोजले जाणारे तापमान. व्हिडिओ संपादन, रेंडरिंग, मोठ्या प्रोग्रॅमचे कंपायलिंग अशा कामांत ते ८० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला यंत्र बिघडले असेच वाटते. पण हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. प्रोसेसर किती वॉट घेतो आहे, त्याचा वेग टिकून आहे का आणि खोलीतली हवा किती तापली आहे, या तीन गोष्टी सोबत पाहिल्या तरच त्याला अर्थ येतो. यांपैकी तिसरीकडे नागपुरातही फारसे कोणी लक्ष देत नाही, याचे नवल वाटते.

चिपमधले अब्जावधी ट्रान्झिस्टर उघडझाप करतात तेव्हा प्रत्येक वेळी थोडा विद्युतभार भरला व रिकामा केला जातो आणि त्यात खर्चलेल्या विजेची उष्णता होते. ही वीज उघडझापीच्या वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते, म्हणून शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ फार महागात पडतात. एके काळी ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला लागणारे व्होल्टेजही उतरत असे. या शतकाच्या पहिल्या दशकात ते जवळजवळ थांबले. इंटेलने २००४ मध्ये पेंटियम ४ च्या पुढची ‘तेजस’ ही चिप सोडून दिली आणि एकाच कोअरचा (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे गणन करणाऱ्या भागाचा) वेग वाढवण्याऐवजी कोअरची संख्या वाढवण्याची वाट धरली. २०२२ च्या कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरची कमाल टर्बो वीज (सर्वाधिक वेगाने धावताना घेतली जाणारी) २५३ वॉट आहे आणि ती सुमारे अडीच चौरस सेंटिमीटर चिपमधून बाहेर पडते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला शंभर वॉट. हजार वॉटच्या इस्त्रीचा तळ सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटर धरला, तर तिथे हेच प्रमाण पाच वॉट पडते.

ही उष्णता चिपवरच्या धातूच्या झाकणातून, फटी भरणाऱ्या थर्मल पेस्टच्या पातळ थरातून, हीटसिंकच्या (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) तळातून आणि हीटपाइपमधून (आत थोडे पाणी असलेल्या बंद नळीतून) हीटसिंकच्या पातळ पात्यांपर्यंत जाते आणि शेवटी पंख्याच्या वाऱ्याबरोबर खोलीतल्या हवेत मिसळते. या वाटेवर दर वॉटमागे काही ठरावीक अंश चढतात. समजा, हा दर ०.३ अंश आहे आणि प्रोसेसर १५० वॉट घेतो आहे, तर चिप भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम राहील. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना ६७ दिसतील, तर नवतप्यात, म्हणजे मे-अखेरीस सुरू होणाऱ्या नऊ अतितप्त दिवसांत, खोली ४२ वर गेल्यावर तोच संगणक, तेच काम करताना, ८७ दाखवील. प्रत्यक्षात थोडे जास्तच, कारण चिप तापली की तिच्यातली विजेची गळतीही वाढते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. अशा दिवशी वातानुकूलन नसलेल्या खोलीतल्या संगणकाने वरची मर्यादा गाठली, तर तो दोष यंत्राचा म्हणता येणार नाही.

ती मर्यादा निर्माता ठरवतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांसाठी ती १०० अंश आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी (२०२२) ती ९५ आहे, आणि पूर्ण भाराखाली ९५ वर राहणे हे त्या मालिकेच्या रचनेतच धरलेले आहे. मर्यादा आली की प्रोसेसर स्वतःच वेग व व्होल्टेज उतरवतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापमान चढत राहिले तर यंत्र बंद पडते. म्हणून ९० अंशांवर वेग कायम असेल तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र थोड्याशा कामातही ९५ दिसत असतील आणि वेग निम्म्यावर येत असेल, तर तपासणी हवीच. चिपमधील सूक्ष्म तारांची झीज उष्णतेने वाढते हे खरे, त्यामुळे रोज तासन् तास मर्यादेवर चालवण्यापेक्षा थोडे अंतर राखणे बरे.

संवेदकाचा आकडाही पारखून घ्यावा लागतो. २०१७ चा रायझन ७ १८००एक्स पंख्यांच्या नियंत्रणासाठी खऱ्या तापमानात २० अंश मिळवून आकडा दाखवीत असे. मे २०२४ मध्ये नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, तेव्हा हवामान खात्याला तो संवेदकाचा दोष असल्याचे सांगावे लागले होते.

विदर्भातला कूलर आणि संगणकातला हीटपाइप दोन्ही पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतात. हीटपाइपमध्ये वाफ थंड टोकाला पुन्हा पाणी होऊन आतल्या आत परतते. कूलरची वाफ मात्र खोलीत पसरते. कूलरने खोली दहा अंशांनी उतरली तर प्रोसेसरही जवळपास तितकाच उतरतो. तथापि कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. क्षारयुक्त तुषार आणि उन्हाळी धूळ यांचे मिश्रण पात्यांवर चिकटून वाळते आणि मग ते ब्रशनेही निघत नाही. कोरडी धूळ सोपी असते : पंखा काढला की त्याच्याखाली पात्यांच्या तोंडावर करड्या नमद्यासारखा थर बसलेला दिसतो आणि बोटाने धरून तो अखंड सोलता येतो. एवढ्यानेही तापमान स्पष्टपणे उतरते. जुनी, सुकलेली पेस्ट बदलणे ही पुढची पायरी.

सर्वांत स्वस्त उपाय बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, आहे. आय९-१३९००केच्या विजेची कमाल मर्यादा २५३ वरून १८० वॉटवर आणली, तर तापमान बरेच उतरते आणि काम त्या मानाने फार थोडे मंदावते. वेळ निवडणे हाही उपायच आहे. मे महिन्यात नागपूरची दुपार आणि पहाट यांत चौदा-पंधरा अंशांचा फरक असतो. खिडकी उघडी ठेवून पहाटे चारला लावलेल्या रेंडरला त्याचा मोठा हिस्सा आपोआप मिळतो.