तिकीट कापू नका, पाकीट आहे तसं आणा
(जुनी टपाल तिकिटं दाखवायला येणाऱ्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे येणाऱ्या फोनपैकी निम्मे एकाच विषयावरचे असतात. वाडा पाडायला काढलाय, माळ्यावर आजोबांची ट्रंक सापडली, आत जुनी तिकिटं आहेत, किती येतील? आम्ही म्हणतो, घेऊन या, बघू. मग दोन दिवसांनी मंडळी येतात. तोवर घरातल्या सगळ्यांनी मिळून पाकिटांवरची तिकिटं कात्रीने कापलेली असतात, पाण्यात भिजवून सोडवलेली असतात, वर्तमानपत्रावर वाळवून डबीत भरलेली असतात. पाकिटं रद्दीत गेलेली असतात. हे सगळं प्रेमाने आणि मेहनतीने केलेलं असतं, आणि नेमकी त्यातच किंमत गेलेली असते. हे पत्रक त्यासाठीच छापलं आहे.

जुन्या पाकिटावर तिकीट एकटं नसतं. त्यावर शिक्का असतो, त्यात गावाचं नाव आणि तारीख असते. मागच्या बाजूला बहुधा पत्र पोहोचल्याचा दुसरा शिक्का असतो. पत्ता असतो. 1 ऑक्टोबर 1854 पासून देशभर एकच दर झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो नाहीतर कलकत्त्याला. त्यामुळे त्या काळच्या पाकिटावर किती आण्यांची तिकिटं आहेत यावरून पत्राचं वजनसुद्धा कळतं. हे सगळं एकत्र असलं की संग्राहक त्याला ‘कव्हर’ म्हणतात आणि त्याचे पैसे मोजतात. तिकीट सोडवलं की उरतो कागदाचा तुकडा. तो पुष्कळांकडे असतो.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातलं एक कुटुंब आलं होतं. निजामाच्या हैदराबाद संस्थानाची स्वतःची टपालसेवा होती, स्वतःची तिकिटं होती. ती 1869 पासून निघत होती, आणि औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेडची पत्रं त्याच तिकिटांवर जात. या कुटुंबाने मुखवासाच्या डबीत त्रेचाळीस तिकिटं आणली होती, कडा अगदी सरळ कापलेल्या. मी भिंगाखाली एकेक धरलं. प्रत्येकावर शिक्क्याची एक कड होती, अर्धगोल, दोन-तीन अक्षरांची. गावाचं नाव पाकिटावर राहिलं होतं आणि पाकिटं आदल्या रविवारी रद्दीवाल्याने वजनावर नेली होती. लहान गावाच्या पूर्ण शिक्क्याचं पाकीट आमच्याकडे आलं की फोन लावून विचारणारे ग्राहक आहेत. त्या डबीचे मात्र मला सुट्या तिकिटांच्या भावानेच पैसे द्यावे लागले. त्या काकू डबी बंद करताना म्हणाल्या, “कुणी आधी सांगितलं असतं तर!” आता सांगतो आहोत.

मोठं उदाहरण आपल्या मुंबईशीच जोडलेलं आहे. मॉरिशसने 1847 मध्ये ‘पोस्ट ऑफिस’ असे शब्द असलेली एक पेनी आणि दोन पेनीची तिकिटं काढली, प्रत्येकी फक्त 500. आज दोन्ही मिळून सत्तावीसच्या आसपास उरली आहेत. त्यातली एक पेनीची दोन तिकिटं एकाच पाकिटावर आहेत. ते 1850 च्या जानेवारीत मॉरिशसच्या पोर्ट लुईहून मुंबईच्या बायबल सोसायटीच्या सचिवाला आलेलं पाकीट. पुढे 1897 मध्ये ते भारतातल्याच एका बाजारात संग्राहकाच्या हाती लागलं, आणि 1968 साली लिलावात त्याला 3 लाख 80 हजार डॉलर मिळाले. पत्ता, शिक्के, दोन्ही तिकिटं, सगळं जागच्या जागी असलेलं ते पाकीट तिकीटसंग्रहाच्या जगात अत्यंत मोलाचं मानलं जातं. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत कुणीतरी ती दोन तिकिटं भिजवून अल्बममध्ये लावू शकलं असतं.

कात्रीचं नुकसान सुट्या तिकिटालाही होतं. 1854 चं चार आण्याचं तिकीट घ्या. लाल चौकट आणि आत निळ्या रंगात राणीचं डोकं, म्हणजे एकेक ताव दोनदा छापायचा. काही तावांवर डोकं उलटं छापलं गेलं आणि ती चूक भारतीय तिकिटांतली सर्वांत प्रसिद्ध चूक ठरली. त्या तिकिटांना दात (फाडायला सोपं जावं म्हणून कडेला पाडलेली छिद्रं) नव्हते, टपालात किंवा घरी कात्रीनेच वेगळी करत. चौकट आठकोनी असल्यामुळे पुष्कळांनी हौसेने आठकोनीच कापली. आज चौकोनी कापलेल्या, चारही बाजूंना समास राखलेल्या प्रतीला आठकोनी प्रतीपेक्षा कितीतरी जास्त किंमत येते. म्हणून कडा नीट दिसाव्यात म्हणून कापणं, वाकडे दात सरळ करणं, हे कृपया करू नका.

सेलोटेप, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन यांबद्दल एकच सांगतो: यातलं काही झालं असेल तर सोडवायचा प्रयत्न घरी करू नका, तसंच आणा.

आता दुसरा नेहमीचा प्रश्न. “जुनं आहे म्हणजे मौल्यवान ना?” नाही. 1840 चं पेनी ब्लॅक जगातलं पहिलं डिंकाचं तिकीट, पण ते 6 कोटी 80 लाखांवर छापलं होतं. साधी, वापरलेली प्रत आजही मध्यमवर्गीय संग्राहकाला परवडते. याउलट आपल्याकडचं ‘सिंध डाक’ बघा. 1852 मध्ये सिंधचे ब्रिटिश आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी काढलेलं, आशियातलं पहिलं डिंकाचं तिकीट. त्यातला लाल प्रकार ठिसूळ लाखेसारख्या चकतीवर उठवलेला होता. चकती तडकायची, तुकडे व्हायचे, त्यामुळे अखंड प्रत फार दुर्मीळ. किती छापली, किती टिकली आणि किती जणांना हवी आहे, यावर भाव ठरतो.

गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाबद्दल तर रोज विचारणा होते. 15 ऑगस्ट 1948 ला दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटं निघाली, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. त्यावर देवनागरी आणि उर्दूत ‘बापू’ लिहिलेलं आहे. 2017 मध्ये यातल्या दहाच्या चार तिकिटांची पट्टी पाच लाख पौंडांना गेल्याची बातमी सगळ्यांनी वाचली, पण त्या तिकिटांवर ‘सर्व्हिस’ (म्हणजे सरकारी टपालासाठी) हा शब्द वर छापलेला होता. गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी असे फक्त 100 संच केले होते. तुमच्या अल्बममधलं साधं दहाचं तिकीट चांगल्या अवस्थेत असेल तर तेही मोलाचं आहे, फक्त ते खरं असायला हवं. या तिकिटाच्या नकला फार आहेत. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली किंवा दातांचं माप साडेअकराचं (दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा दात) नसलं की आम्ही तिथेच थांबतो. ‘सर्व्हिस’ छापलेलं दहाचं तिकीट आम्ही मान्यताप्राप्त तज्ज्ञ समितीच्या प्रमाणपत्राशिवाय घेत नाही. साध्या तिकिटावर तो शब्द उठवणं अवघड नसतं.

याच कारणाने आम्ही व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवरून भाव सांगत नाही. काही जण रागावतात. पण मागून लावलेला पातळ कागदाचा ठिगळ, पुन्हा लावलेला डिंक, घासून पुसलेला शिक्का हे फोटोत दिसत नाही. फोटोवरून सांगितलेला आकडा प्रत्यक्षात निम्मा करावा लागला तर वाईट तुम्हालाही वाटतं आणि आम्हालाही.

कॅटलॉगचा (म्हणजे तिकिटांच्या छापील भावपुस्तकाचा) आकडा आणि आम्ही देऊ केलेली रक्कम यांत फरक असतो, त्यावरही नेहमी बोलणं होतं. कॅटलॉगमधला भाव निर्दोष प्रतीचा आणि विकणाऱ्याचा असतो. तिकीट कधी कधी आमच्याकडे दोन-तीन वर्षं पडून राहतं. तरीही हे तिकीट आम्ही साधारण कितीला विकू हे विचारलंत तर सांगतो, लपवत नाही. फार मोलाची वस्तू असली तर ती आम्हाला विकण्यापेक्षा लिलावात द्या, असाही सल्ला देतो, आणि तशी पाठवण्याची व्यवस्था करतो.

आणताना एवढं करा. पाकिटं, पोस्टकार्डं, अंतर्देशीय पत्रं आहेत तशी, आतल्या मजकुरासह आणा. घरगुती मजकूर असेल तर तो आम्ही वाचत बसत नाही, पण तारखेसाठी लागतो. गठ्ठ्यांचा क्रम मोडू नका, सुतळी सोडू नका. कुणी कुणाला लिहिलं हे त्या क्रमावरूनच कळतं. सुटी तिकिटं बोटांनी न उचलता चिमट्याने उचला, नसेल तर राहू द्या. पोर्तुगीज काळातली गोव्याची पत्रं असतील तर ती वेगळी काढून ठेवा, त्यांना विचारणारे ग्राहक आमच्याकडे कायम असतात.

बघण्याचे पैसे आम्ही घेत नाही. वाटणीसाठी लेखी मूल्यांकन हवं असेल तर त्याचं शुल्क आधी सांगतो. विकायचं नसेल, नुसतं जपायचं असेल, तर आम्लमुक्त कागदाचे अल्बम आणि पाकिटांसाठी पारदर्शक कव्हरं दुकानात आहेत. कोणत्या मापाचं लागेल ते पाकीट घेऊन आलात की लगेच ठरवता येतं. ट्रंक उचलून आणण्यासारखी नसेल तर फोन करा, शहरात आम्ही घरी येऊन बघतो. तोवर कात्री आणि पाण्याची वाटी दूर ठेवा.