अंतर्भागासह रणगाड्याची प्रतिकृती

अंतर्भागासह रणगाड्याची प्रतिकृती : खऱ्या रणगाड्याचे बाह्यरूप आणि त्याच्या पोटातली सगळी मांडणी (इंजिन, गिअरबॉक्स, तोफेचा ब्रीच म्हणजे गोळा भरायचा मागचा भाग, गोळ्यांचे रॅक, चालकाचे दांडे, आसने, वायरलेस संच) ठरावीक प्रमाणात लहान करून सुट्या भागांतून जोडलेली प्रतिकृती. नुसत्या बाहेरून दिसणाऱ्या प्रतिकृतीपेक्षा हे काम तिप्पट-चौपट वेळ खाते. मॉडेल करणारे तिला ‘फुल इंटिरिअर’ म्हणतात आणि मराठीतही तोच शब्द चालतो. कोल्हापुरात हा छंद घराघरांतल्या टेबलांवर चालतो. मात्र त्यात वापरले जाणारे निम्मे शब्द शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतल्या माणसाला आधीच पाठ असतात. त्याचे कारण पुढे येईल.

प्रमाण आणि त्याचे मूळ : रणगाड्यांच्या प्रतिकृतींचे सर्वांत रूढ प्रमाण १:३५ आहे. हा आकडा विचित्र वाटतो आणि तो आलाही विचित्र वाटेने. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मन ‘पँथर’ रणगाड्याची चालणारी प्रतिकृती काढली. तिच्या पोटात मोटर आणि बॅटरीचे सेल बसले पाहिजेत, या हिशेबाने आकार ठरला आणि तो मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसाव्या भागाइतका भरला. पुढे इतर कंपन्यांनीही तेच प्रमाण धरले. म्हणजे ज्या जागेत आज लोक गोळे आणि आसने बसवतात ती जागा मुळात सेलसाठी राखलेली होती. त्या काळच्या कित्येक संचांत तळाला बटणासाठी भोके असत आणि आत काहीच नसे. १:३५ शिवाय १:७२, १:४८ आणि १:१६ ही प्रमाणेही आहेत. १:१६ चा रणगाडा दोन हातांनी उचलावा लागतो आणि मध्यमवर्गीय घरात तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न कामाआधीच सोडवावा लागतो.

मोटर गेल्यावरही बरीच वर्षे आतली जागा रिकामीच राहिली. ती भरली प्रथम सुट्या रेझिन-संचांनी. बेल्जियमचे फ्रांस्वा व्हर्लिंडन यांच्या संचांनी ही सवय जगभर पसरवली. नंतर दक्षिण कोरियाच्या अकॅडमीने आतल्या भागांसह ‘टायगर’ काढला. खरी लाट मात्र २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. राय फील्ड मॉडेल, ताकोम, मेंग आणि कीव्हमधील मिनीआर्ट यांनी संपूर्ण अंतर्भागाचे संच बाजारात आणले. मिनीआर्टच्या टी-५४ मालिकेतल्या अशा संचांत हजाराहून अधिक भाग असतात. खोका उघडल्यावर पहिला अर्धा तास नुसता मोजण्यात जातो.

पोटात काय असते : अंतर्भाग जोडताना रणगाडा कळतो. बाहेरून सगळे रणगाडे साखळीवरचे पेटारेच वाटतात. जर्मन ‘टायगर-१’ मध्ये इंजिन मागे आणि गिअरबॉक्स पुढे आहे. त्यामुळे दोघांना जोडणारा शाफ्ट टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) तळाखालून न्यावा लागतो आणि सगळा गाडाच उंच होतो. खरा टायगर सुमारे तीन मीटर उंच, म्हणजे १:३५ मध्ये साडेआठ सेंटिमीटर. सोव्हिएत टी-५४ मध्ये इंजिन आडवे टाकून गिअरबॉक्स त्याच्याच शेजारी मागे ठेवला. शाफ्टच नाही, म्हणून उंची २.४ मीटरवर आली. प्रतिकृतीत ती जेमतेम सात सेंटिमीटर. ही गोष्ट पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही. तळावर शाफ्टची नळी स्वतः चिकटवली की विसरत नाही.

टायगरच्या तळावर १६ टॉर्शन बार (पीळ खाऊन धक्का झेलणारे दांडे) आडवे पसरलेले असतात, प्रत्येक बाजूच्या चाकांच्या आठ आसांसाठी आठ. दोन्ही बाजूंचे बार शेजारी-शेजारी बसत असल्याने डावी आणि उजवी चाके एकमेकांच्या बरोबर समोर येत नाहीत, थोडी पुढे-मागे असतात. नवखा माणूस ही आपली चूक समजतो आणि चाके ओढून ‘सरळ’ करायला जातो. पाच माणसांचा ताफा आणि ८८ मिलिमीटर तोफेचे ९२ गोळे याच पेटीत राहत. प्रतिकृतीत हा गोळा जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब भरतो. असे बरेच गोळे एकेक करून पितळी आणि स्टीलच्या रंगात रंगवायचे असतात. या टप्प्यावर अनेक संच कपाटात परत जातात. टी-५४ च्या पुढच्या टी-५५ मध्ये चौघे बसत आणि ४३ गोळे मावत. त्यांतले बरेच चालकाच्या उजवीकडे, इंधनाच्या टाकीतच कोरलेल्या खणांत असत. टाकी आणि दारूगोळा एकत्र ठेवण्याची ही कल्पना प्रतिकृती जोडतानाही अंगावर काटा आणते.

जाडीचे गणित : प्लास्टिकची भिंत साधारण एक मिलिमीटर जाड असते. ३५ ने गुणले तर ती ३५ मिलिमीटरची पोलादी पाटी होते. टायगरचे पुढचे चिलखत १०० मिलिमीटरचे, बाजूचे ८० चे आणि छताचे सुमारे २५ चे होते. म्हणजे प्रतिकृतीत पुढची भिंत जवळजवळ तीन मिलिमीटर हवी आणि छत पाऊण मिलिमीटरच्या आत. बंद प्रतिकृतीत हे कुणाला दिसत नाही. झाकण उघडले की कडा दिसतात आणि खोटेपणा उघडा पडतो. म्हणून झाकणांच्या कडा कानशीने घासून पातळ करायच्या. चिलखताबाहेर टांगलेल्या पाच मिलिमीटरच्या बाजूच्या पत्र्यांसाठी तर ०.१४ मिलिमीटर लागते. तिथे प्लास्टिक सोडून रासायनिक पद्धतीने कोरलेला पितळी पत्रा घ्यावा लागतो. तो फेविक्विकने चिकटतो, पण टिकाऊ हवा तर डाख द्यावा लागतो. हुपरीच्या चांदी-कारागिरांच्या हातचे झाळकाम ज्याने पाहिले आहे त्याला पितळाची भीती वाटत नाही.

ओतशाळेचे शब्द : प्लास्टिकचे भाग ज्या जाळीत येतात तिला जगभरचे मॉडेलवाले ‘स्प्रू’ म्हणतात. कोल्हापूरचा मोल्डर याला हरकत घेईल, आणि त्याचे बरोबर आहे. ओतकामात स्प्रू म्हणजे वितळलेल्या धातूचा रस खाली उतरतो ती उभी नळी. तिथून रस रनरमधून जातो आणि गेटमधून भागात शिरतो. जाळीच्या दांड्या म्हणजे खरे तर रनर. शब्द मात्र ओतशाळेतूनच आला. यंत्रेही सख्खी भावंडे आहेत. इकडे वाळूचा साचा आणि ओतलेला रस, तिकडे पोलादी डाय आणि दाबाने घुसवलेले वितळलेले प्लास्टिक. दोन्हीकडे आकाराला ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार, द्यावा लागतो, नाहीतर भाग साच्यातून सुटत नाही. दोन्हीकडे जाड जागी श्रिंकेजचे, म्हणजे आकसण्याचे, खड्डे पडतात. पोकळी हवी तर ओतशाळेत कोअर (वाळूचा गाभा) घालतात, डायमध्ये सरकती पिन. तोफेचे तोंड पूर्वी ड्रिलने कोरावे लागे, ते आता पोकळच येते ते या सरकत्या पिनांमुळे. दांडीपासून भाग कापून गेटचा ठुसका घासून काढणे, याला उद्यमनगरात एकच शब्द आहे : फेटलिंग.

अंतर्भागाच्या संचाची सर्वांत मोठी अडचणही इथेच आहे. डायमधून भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल डाग प्लास्टिकवर उमटतात. साध्या संचात कंपनी ते आतल्या बाजूला ठेवते, कारण आत कुणी बघणार नसते. अंतर्भागाच्या संचात बघायचे असते आतच. कंपन्या पिना आसनांच्या, पेट्यांच्या मागे लपवण्याची खटपट करतात, तरी चार-दोन डाग मोक्याच्या जागी राहतात. ते पुट्टीने भरून, सुकल्यावर पॉलिश पेपरने घासायचे, आणि तेही शेजारचा रिव्हेट न घालवता.

साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उठणारी रेघ, म्हणजे पार्टिंग लाइन, हाही असाच गुंतागुंतीचा विषय आहे. प्रत्येक मार्गदर्शिका सांगते, रेघ घासून टाका. पण सोव्हिएत टी-३४ चा टरेट खरोखरच ओतीव होता, युद्धाच्या घाईत ओतलेला, आणि त्याच्या अंगावर वाळूच्या साच्याची जाड रेघ राहिलेली असे. अमेरिकन शर्मन रणगाड्याच्या एम४ए१ या प्रकारात तर सबंध वरची पेटीच ओतीव होती. म्हणजे एकाच भागावर दोन रेघा असू शकतात. एक प्लास्टिकच्या डायची, ती काढायची. दुसरी खऱ्या ओतकामाची, ती ठेवायची. कोणती कुठली हे ओळखण्यासाठी फोटो लागतात आणि ओतशाळेत चार दिवस घालवलेली नजर लागते. आतून मात्र तो टरेट कसा दिसे हा प्रश्न अनेक संच टाळतात आणि भिंत गुळगुळीत ठेवतात. वास्तविक ओतीव भिंतीची आतली बाजूही खरखरीतच असते. उपाय स्वस्त आहे : पातळ सिमेंटने (मॉडेलच्या, प्लास्टिक विरघळवणाऱ्या गोंदाने) प्लास्टिक मऊ करायचे आणि जुन्या टूथब्रशने टोचत जायचे. लेखकाच्या मते विकतच्या कोणत्याही जादा संचापेक्षा या टोचण्यानेच प्रतिकृतीत जास्त जीव येतो.

रंग आणि पावसाळा : रणगाड्याच्या आत उजेड कमी, म्हणून बहुतेक देशांनी लढाईच्या कप्प्याला पांढरा किंवा फिकट रंग दिला. जर्मन रणगाड्यांत वरचा भाग हस्तिदंती, तर तळ आणि इंजिनाचा कप्पा तांबूस प्रायमरचा असे. युद्धाच्या शेवटी वेळ वाचवण्यासाठी आतला पांढरा थर देणेच सोडून दिले गेले. झाकणाची आतली बाजू अमेरिकनांनी बाहेरच्याच हिरव्या रंगाची ठेवली, उघडे झाकण लांबून पांढरे चमकू नये म्हणून. हे न पाहता झाकण आतून पांढरे रंगवणे ही नवशिक्याची हमखास चूक.

रंग बहुतेक एअरब्रशने देतात. कॉम्प्रेसरचा आवाज कोल्हापूरकरांना नवा नाही, गणपतीच्या आधी कुंभार गल्लीत तो ऐकू येतोच. जून ते सप्टेंबर मात्र इथल्या हवेत काम अवघड होते. दाबलेल्या हवेतले पाणी नळीत साठते आणि ब्रश मध्येच थुंकतो, म्हणून पाणी अडवणारा ट्रॅप लावल्याशिवाय पांढरा रंग मारूच नये. इनॅमल आणि तैलरंग वाळायला कितीतरी जादा वेळ घेतात. दमट हवेत फेविक्विकची वाफ पारदर्शक भागांवर पांढरी झाक बसवते आणि पेरिस्कोपच्या काचा आंधळ्या होतात. पावसाळ्यात साखळीच्या कड्या जोडाव्यात, रंगकाम दसऱ्यानंतर काढावे.

रंगाच्या थरालाही जाडी असते. तळ, भिंती, मधले पडदे आणि छत एकात एक बसणारे. प्रत्येकावर प्रायमर, रंग, वार्निश चढले की शेवटी छत बसत नाही. ज्याने लेथवर क्लिअरन्स (दोन भागांमधली फट) राखला आहे त्याला हे सांगावे लागत नाही. बाकीच्यांनी जोडाच्या कडांवरचा रंग पात्याने खरवडावा आणि रंगाआधी सगळे एकदा कोरडेच बसवून पाहावे.

झिजणे कसे दाखवावे यात अतिरेक फार होतो. आत पाऊस पडत नाही, त्यामुळे गंजाचे ओघळ नकोत. बुटांनी घासलेला तळ, झाकणाच्या कडेला उडालेला रंग, गिअरबॉक्सखाली तेलाचा काळा डाग, कोपऱ्यात धूळ, इतके पुरे. आतून लालभडक गंजलेला रणगाडा रणांगणावरचा वाटत नाही, भंगारातला वाटतो.

भारतीय रणगाडे : मराठी घरांत ‘टायगर’नंतर ओढ असते ती ब्रिटिश बनावटीच्या सेंच्युरियनची. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पूना हॉर्स या रेजिमेंटने हेच रणगाडे लढवले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा ‘फामागुस्टा’ हाही सेंच्युरियनच. तो अहिल्यानगर येथे चिलखती दलाच्या केंद्रात जतन केलेला आहे. त्याच शहरातले १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय हे कोल्हापूरच्या मॉडेलवाल्यासाठी सर्वांत जवळचे पाठ्यपुस्तक. ओतीव टरेटचा पोत, वेल्डिंगची जाडी, चाकांच्या रबराची झीज तिथे हाताच्या अंतरावर पाहता येते. सेंच्युरियनच्या मागच्या कप्प्यात मिटिऑर इंजिन असे, मर्लिन या विमानाच्या इंजिनापासून काढलेले, बारा सिलिंडरचे. चालक पुढे उजवीकडे, टरेटमध्ये कमांडर आणि गनर उजवीकडे, लोडर डावीकडे. संचात ही मांडणी उलट जोडली गेली तर ते कुणाच्याही लक्षात येणार नाही, पण अहिल्यानगरला जाऊन आलेल्या माणसाला झोप लागणार नाही.

छत लावल्यावर : सहा-आठ महिने खपून केलेले आतले काम शेवटी छताखाली जाते. उघड्या झाकणांतून ब्रीचचे टोक आणि एखादे आसन दिसते, बस. म्हणून काहीजण छत न चिकटवता नुसते ठेवतात किंवा बारीक लोहचुंबकांवर बसवतात. काही संचांत पारदर्शक छत किंवा कापीव बाजू येते. कापीव मांडणीला मोठी परंपरा आहे : इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात खरा सेंच्युरियन उभा चिरून ठेवलेला आहे. चिरलेल्या कडा लाल रंगवण्याची शिक्षण-प्रतिकृतींची रीत इथेही उसनी घेतात. लोहचुंबकाचा मार्ग सर्वांत कमी पश्चात्तापाचा.

दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना प्रमाणाची फिकीर नसते. त्यांचा मावळा बुरुजाएवढा असतो आणि त्यात काही बिघडत नाही. त्याच घरातला मोठा भाऊ १:३५ च्या चालकाला, म्हणजे पावणेपाच-पाच सेंटिमीटरच्या माणसाला, आसनावर नीट बसवण्यासाठी त्याच्या मांड्या घासत असतो. कारण आसन, दांडे आणि छत सगळे बरोबर मापाचे असले तरी संचातला माणूस बहुधा थोडा जाड असतो. तो बसला की छत एक मिलिमीटर वर राहते.