पार्श्वभूमी : १,७६,६३,१९,०४९ आणि चाळीसगावचं पाटण

६१ ला कोणत्या वर्गाने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्गच येतो? सगळ्यांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० चा वर्ग. बेरीज येते १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग. शेजारच्या ६० ला ४ पुरतो (९६० अधिक १, म्हणजे ३१ चा वर्ग), ६२ ला ८ पुरतो. मधल्या ६१ लाच थेट २२ कोटी!

१,७६,६३,१९,०४९ या आकड्यातून १ काढला तर २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट उरते. १ मिळवला तर ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट होते. कारण २९,७१८ चा वर्ग ३,८०५ च्या वर्गाच्या ६१ पटीला नेमका १ ने कमी पडतो. या जोडीची स्वतःशीच भावना केली (भावना म्हणजे दोन जोड्या गुणून नवी जोडी काढायची रीत) की मोठी जोडी मिळते.

भावना ब्रह्मगुप्ताच्या ६२८ सालच्या ग्रंथातली. असे प्रश्न पायरीपायरीने सोडवणारं चक्रवालही १०७३ च्या एका टीकेत आधीच्या गणितीच्या नावावर सापडतं, तेव्हा ‘चक्रवाल पाटणला जन्मलं’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य टिकत नाही. ‘बीजगणित’ या ग्रंथात ६७ आणि ६१ ही उदाहरणं जोडीने घातली भास्कराचार्यांनी, ११५० च्या सुमारास. पाटणचा शके ११२८ चा शिलालेख त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने काढलेल्या मठाचा आहे. खानदेशाला मिरवायला तेवढं पुष्कळ झालं.

जास्त धुरळा उडतो तो १६५७ वरून. त्या वर्षी फर्मा या फ्रेंच न्यायाधीशाने समकालीनांपुढे हाच प्रश्न टाकला, आणि तोही ६१ घेऊनच. मग इथून उचलला का? संशय घेणारे सांगतात, बीजगणिताचं फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास झालं होतं. झालं होतं खरं. पण ते फ्रान्सला पोचल्याचा पुरावा कोणी दाखवलेला नाही. इंग्रजी भाषांतरं तर १८१३ आणि १८१७ ची. माझ्या मते उत्तर आकड्यातच आहे. शंभरपर्यंतच्या संख्यांत सगळ्यांत मोठं उत्तर ६१ चंच, आणि त्याला मागे टाकणारी पुढची पहिली संख्या १०९. तिची बेरीज पंधरा अंकी संख्येचा वर्ग. न्यायाधीशाने ६१ सोबत १०९ ही दिला होता. स्वतः आकडेमोड केल्याशिवाय ही जोडी हाती लागत नाही. अवघड पण छोटी संख्या शोधणारा कुठूनही निघाला तरी ६१ वरच येणार.

अन्याय झाला तो नावात. समीकरणाला पेल या तिसऱ्याच इंग्रजाचं नाव चिकटलं, तेही ऑयलर या स्विस गणितीच्या गैरसमजातून, आणि अजून पाठ्यपुस्तकांत तेच चालतं. चक्रवालाची चाल मात्र युरोपीय रीतीपेक्षा आखूड. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त, इथून सुरुवात. पुढच्याच पायरीला ३९ आणि ५, क्षेप (३९ च्या वर्गातून ५ च्या वर्गाची ६१ पट वजा करून उरतो तो) उणे ४. तिथून नुसती भावना. युरोपीय रीतीने, म्हणजे वितत अपूर्णांकांनी (continued fractions) गेलं तर बावीस पायऱ्या. चक्रवाल दर वेळी उत्तरापर्यंत पोचतंच, याची सिद्धता भारतातच, १९३० च्या आसपास छापून आली.