हातातलं भंगार नेमकं काय आहे? टाकाऊतून घडणाऱ्या कामांची पार्श्वभूमी

1960 मध्ये तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, केप गेलिडोन्यापाशी, पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास यांच्या तुकडीनं समुद्रतळावरच्या एका जहाजाचं उत्खनन केलं. जहाज बुडालं होतं इसवी सनापूर्वी 1200 च्या आसपास. त्यात तांब्याच्या लाद्या होत्या आणि टोपल्यांत भरलेली ब्राँझची मोडकी अवजारंही होती. शेजारी दगडी हातोडे आणि धार लावायचे दगड. जहाजावर धातुकाम करणारा कुणी कारागीर असावा आणि ती मोड हा त्याचा कच्चा माल असावा, असा अर्थ बास यांनी लावला.

ब्राँझचं भंगार सोयीचं असतं. मुशीत टाकलं, वितळवलं, साच्यात ओतलं की जुन्या वस्तूचा मागमूस राहत नाही. लोखंडाचं तसं नाही. युरोपात आणि पश्चिम आशियात कित्येक शतकं लोहाराच्या भट्टीत लोखंड वितळतच नव्हतं, ते फक्त मऊ व्हायचं. त्यामुळे जुना तुकडा घणाखाली घालूनच नवं काही करावं लागे, आणि मूळ तुकड्याचे गुणदोष नव्या वस्तूत जसेच्या तसे उतरत. हातात आहे ते काय आहे, हा भंगारकामातला पहिला प्रश्न तिथून सुरू झाला. पुढच्या प्रत्येक काळात त्याचं उत्तर शोधायची रीत बदलली, प्रश्न तोच राहिला.

अठराव्या शतकात स्पेनमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये बंदुकीच्या उत्तम नळ्या घोड्यांच्या नालांच्या जुन्या खिळ्यांपासून बनत. खिळ्यांच्या जुड्या तापवून, ठोकून एकजीव करायच्या, पट्टी काढायची आणि ती दांड्याभोवती पिळून जोडायची. नालाचा खिळा निवडण्यामागे साधा हिशोब होता. असा खिळा ठिसूळ लोखंडाचा करताच येत नाही, तो खुरात वाकतो आणि तुटता कामा नये. म्हणजे वस्तूचं पूर्वीचं काम हीच तिच्या धातूची हमी.

कानशीचंही तेच. कानस दुसऱ्या लोखंडाला कापते, तेव्हा ती त्याहून कडक पोलादाची असणारच. यंत्रं येण्यापूर्वी कानशीचे दाते छिन्नीनं एकेक करून पाडत, त्यामुळे कानस महाग होती. झिजली की ती मऊ करून, घासून, पुन्हा दाते पाडून घेत. असं करता करता ती पातळ झाली की मग लोहाराकडे जाई आणि तिची पटाशी, रापी किंवा सुरी होई.

हे काम आजही जवळपास तसंच होतं आणि बिघडतंही त्याच जागी. चांगल्या कानशीत सुमारे 1 ते 1.3 टक्के कार्बन असतो. ती आधी मऊ करावी लागते: लाल तापवायची, चुंबक चिकटेनासं होईपर्यंत (साधारण 770 अंश सेल्सिअस), आणि रात्रभर कोरड्या राखेत पुरून ठेवायची. सकाळी दुसरी कानस तिच्यावर सहज चालली पाहिजे. मग दाते पूर्ण घासून काढायचे. इथे घाई करणारे फसतात. दात्याचा तळ म्हणजे एक बारीक खाच. पाणी देताना, म्हणजे लाल तापवलेलं पातं झटकन थंड करून कडक करताना, धातू आकसतो आणि चीर नेमकी त्या खाचेतून सुरू होते. आकार दिल्यावर धारेकडची कड निदान 1 मिलिमीटर जाड ठेवायची, कारण फार पातळ कड पाणी देताना वाकते.

पाणी द्यायचं म्हणतात खरं, पण पातळ पात्याला तेलच बरं, आणि तेही 50-60 अंशांपर्यंत कोमट केलेलं. थंड तेल घट्ट असतं, त्यातून उष्णता हळू निघते. पाण्यात बुडवलं तर कधी कधी बारीकसा ‘टिक’ आवाज येतो. तो आला की पातं गेलं, पुढे कष्ट घेऊ नयेत. पाणी नीट बसलं असेल तर कानस त्यावर काचेवरून घसरावी तशी घसरते. या अवस्थेत पातं खाली पडलं तरी तुटेल, म्हणून लगेच 200 अंशांवर एक-एक तास दोनदा शेकायचं. घासून लख्ख केलेल्या भागावर फिकट गवती पिवळा रंग आला की थांबायचं. निळा आला तर कडकपणा गरजेपेक्षा जास्त उतरला.

अडचण एवढीच की आजची प्रत्येक कानस आतपर्यंत पोलादी नसते. स्वस्त कानशींत साध्या लोखंडावर कार्बनचा पातळ थर चढवलेला असतो. दाते घासून काढले की तो थर जातो आणि खाली पाणी न धरणारं लोखंड उरतं. यावर उपाय म्हणजे टोकाचा बोटभर तुकडा शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून मोडून पाहायचा. मोडलेला भाग सगळीकडे सारखा, बारीक दाण्याचा, राखाडी दिसला तर पोलाद. कडेला वेगळी साल आणि आत भरड दाणे दिसले तर तो तुकडा धारेच्या कामाचा नाही.

मोडून बघण्याखेरीज दुसरी रीत ठिणगीची. 1909 मध्ये बुडापेस्टचे अभियंते माक्स बेरमान यांनी सहाणेच्या चाकावर उडणाऱ्या ठिणग्यांवरून पोलाद ओळखायची पद्धत मांडली. साधं लोखंड लांब, पिवळसर रेघा टाकतं आणि फाटे थोडे. कार्बन वाढला की ठिणगी आखूड होते आणि टोकाशी फुलबाजीसारखी फुटते. ओतीव लोखंडाची ठिणगी लालसर आणि तोकडी. नुसत्या आठवणीवर मात्र विसंबू नये. माहीत असलेल्या पोलादाचे दोन-तीन तुकडे जवळ ठेवून त्याच चाकावर, त्याच उजेडात ताडून पाहावं. गाडीच्या पाट्यांत साधारण 0.6 टक्के कार्बन असतो, म्हणून ते सुरी-कोयत्याला उत्तम. पण वर्षानुवर्षं धक्के खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. मेहनत वाया गेल्यावरच त्या कळतात, एवढा एक दोष.

मधल्या काळात ओळखीचा प्रश्न अर्धा सुटला होता, तोही भंगाराचा विचार न करणाऱ्या माणसांमुळे. 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी बोल्टच्या आट्यांचं प्रमाण सुचवलं, 1864 मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी आपलं. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेलच असं नव्हतं. यंत्र मोडलं की त्याचे बोल्टही निकामी. आटे ठरल्यावर डबाभर जुने नट-बोल्ट म्हणजे साठा झाला. बेअरिंगच्या बाबतीत तर नुसता आकडा वाचला की पुरे. 6204 मधल्या शेवटच्या दोन आकड्यांना 5 नं गुणलं की भोक 20 मिलिमीटर. 04 च्या खाली मात्र हा हिशोब चालत नाही: 00, 01, 02, 03 म्हणजे अनुक्रमे 10, 12, 15 आणि 17. शिक्का पुसला गेला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजायची. 8, 22, 7 आलं तर 608.

एकाच नमुन्याच्या लाखो वस्तू बाजारात आल्या की काय होतं, हे फोर्डच्या मॉडेल टीनं दाखवलं. 1908 ते 1927 या काळात दीड कोटी गाड्या निघाल्या. मागचं चाक जॅकवर उचलून त्यावरून पट्टा फिरवायचा आणि करवत किंवा पंप चालवायचा, ही युक्ती शेतोशेती पसरली. गाडीचा ट्रॅक्टर करून देणारे तयार संचही विकले जात. स्वीडनमध्ये जुन्या गाड्यांपासून केलेल्या ट्रॅक्टरांना ‘ईपीए’ हे नाव पडलं. तिथल्या एका स्वस्त मालाच्या दुकानसाखळीचं ते नाव, म्हणजे जरा कुचेष्टाच. एकाला सापडलेली युक्ती दुसऱ्याला न बदलता वापरता येत होती, कारण दोघांच्या अंगणात गाडी तीच होती.

युद्धात पर्याय नसतो. 1944 मध्ये इटलीतल्या आंझिओच्या आघाडीवर सैनिकांनी दाढीच्या पात्यापासून रेडिओ केले. पुठ्ठ्याच्या नळीवर तारेचे शंभरेक वेढे, लांब एरियल, जमिनीत रोवलेली तार, निळं पातं आणि त्यावर सेफ्टी पिनेला खोचलेलं पेन्सिलीचं शिसं. पात्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर आणि ग्राफाइट यांच्या स्पर्शबिंदूतून वीज एकाच दिशेनं नीट जाते, म्हणून लहरींतला आवाज वेगळा होतो. बॅटरी लागत नाही. आज हाच प्रयोग करणारे बहुतेक जण दोन ठिकाणी अडतात. नवं पातं स्टेनलेस असतं, ते ज्योतीवर निळं पडेपर्यंत तापवावं लागतं. आणि मोबाइलचा इअरफोन इथे मुका राहतो, दोन हजार ओहमच्या आसपासचा जुना हेडफोन किंवा स्फटिकाचा इअरफोनच हवा.

त्याच दशकात त्रिनिदादमध्ये तेलाच्या रिकाम्या पिंपांचं स्टीलपॅन झालं. आधी बिस्किटांचे आणि रंगाचे डबे वाजवून झाले होते. 55 गॅलनच्या, म्हणजे सुमारे 208 लिटरच्या पिंपाचा पत्रा त्याहून जाड आणि तळ मोठा, त्यामुळे सूर टिकायचा. तळ आतल्या बाजूनं ठोकत वाटीसारखा खोल करायचा, सुरांच्या जागा आखायच्या, तापवायचं, मग पुन्हा ठोकून सूर लावायचे. वर्कशॉपमध्ये पिंपाची शेगडी किंवा टाकी करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: रिकामं पिंप भरलेल्यापेक्षा धोकादायक. उरलेली वाफ आणि हवा यांचं मिश्रण गॅसकटरच्या किंवा ग्राइंडरच्या ठिणगीनं फुटतं. आत काय होतं ते माहीत नसेल तर पिंप घेऊच नये. माहीत असेल तरी आधी धुवायचं आणि कापायच्या रेषेच्या जरा खालपर्यंत पाणी भरून मगच कापायचं.

सोव्हिएत संघ 1991 मध्ये कोसळल्यावर क्युबात सुटे भाग येणं थांबलं. घरोघरी ‘आउरिका’ नावाची सोव्हिएत धुलाई यंत्रं होती, धुण्याची मोटर वेगळी आणि कपडे पिळायची वेगळी. त्या मोटरींचे पंखे झाले, सहाणा झाल्या. 1992 मध्ये तिथल्या सैन्यदलांच्या प्रकाशन विभागानं देशभरातल्या अशा युक्त्यांचं पुस्तकच काढलं. पुन्हा मॉडेल टीचीच गोष्ट: यंत्र सगळीकडे एक, म्हणून युक्तीही सगळीकडे एक.

धुलाई यंत्राची मोटर आजही भंगारातली सर्वांत उपयोगी वस्तू आहे, पण कोणती मोटर हे आधी पाहावं. जुन्या यंत्रांतली इंडक्शन मोटर ठरलेल्या वेगावर फिरते. समोरून दार असलेल्या बऱ्याच यंत्रांत कार्बन ब्रशची युनिव्हर्सल मोटर असते. ती बिनबोज्याची थेट वीजपुरवठ्याला जोडली तर वेग वाढतच जातो आणि मिनिटाला पंधरा हजार फेऱ्यांच्याही पुढे जाऊ शकतो. तिच्यावर सहाण बसवून कळ दाबणं म्हणजे संकट. 150 मिलिमीटरच्या साध्या सहाणेची मर्यादा बहुधा चार हजारांच्या आतबाहेर असते, ती दगडावरच छापलेली असते.

या मोटरीतून सहसा सहा तारा निघतात. मल्टिमीटर घेऊन जोड्या लावायच्या. जिथे शाफ्ट हातानं फिरवताना आकडा नाचतो ती ब्रशची जोडी. जिथे एक ते तीन ओहमवर आकडा स्थिर राहतो ती फील्डची, म्हणजे बाहेरच्या स्थिर गुंडाळीची. सर्वांत जास्त ओहम दाखवणारी जोडी वेग मोजणाऱ्या टॅकोची; तिला वीज द्यायची नाही. फील्डचं एक टोक ब्रशच्या एका टोकाला जोडायचं, उरलेल्या दोन टोकांना वीज. पहिली चाचणी 12 व्होल्टच्या बॅटरीवर, मोटर शेगड्यात घट्ट आवळून. उलटी फिरवायची तर फक्त ब्रशच्या दोन तारांची अदलाबदल करायची. पंख्याचा डिमर लावून वेग कमी होतो, पण जोरही जातो आणि ड्रिलचं पातं लाकडात अडकून बसतं. टॅकोचा इशारा वाचून वीज कमीजास्त करणारा कंट्रोलर हवा. मूळ यंत्रांत त्यासाठी टीडीए 1085 ही चिप खूप वापरली गेली.

काही भंगार ओळखलं तरी दूर ठेवण्याचंच असतं. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे दोन हजार व्होल्ट निघतात आणि शेजारचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून असतो. दुसरं, जास्त व्होल्टचं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) कापून तिथे जाड केबलचे दीड-दोन वेढे घातले की दोनेक व्होल्टचा स्पॉट वेल्डर होतो, ते ठीक. तोच ट्रान्सफॉर्मर न बदलता लाकडावर विजेची नक्षी जाळायला वापरणारे अनेक जण जिवानिशी गेले आहेत. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेल्ड करतानाही मुलामा आधी घासून काढावा. जस्त 907 अंशांना उकळतं आणि त्याचा धूर रात्री ताप आणतो.

लाकडी पॅलेट त्या मानानं सरळ. 2002 च्या आंतरराष्ट्रीय नियमापासून देशाबाहेर जाणाऱ्या पॅलेटवर शिक्का असतो: ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं घरात आणू नये.

अलीकडच्या धुलाई यंत्रांत ब्रश नसलेली मोटर येते आणि ती स्वतःच्या सर्किट बोर्डाशिवाय फिरतच नाही. म्हणून आता मोटरीसोबत तिचा कंट्रोलरही शोधावा लागतो. 2015 च्या सुमारास धडाधड विकलेले आणि तितक्याच लवकर टाकून दिलेले हॉव्हरबोर्ड (उभं राहून चालवायच्या, दोन चाकांच्या विजेच्या फळ्या) इथे कामी येतात. प्रत्येकात 36 व्होल्टच्या दोन चाकमोटरी, तीन जाड तारा आणि चाकाची स्थिती सांगणाऱ्या हॉल सेन्सरच्या पाच बारीक. त्यांच्या मुख्य बोर्डासाठी हौशी लोकांनी लिहिलेलं फर्मवेअर (बोर्ड चालवणारा प्रोग्रॅम) मोफत मिळतं. फक्त घेताना झाकण उघडून पाहावं: दोन्ही मोटरी सांभाळणारा एकच बोर्ड आहे की दोन वेगळे, आणि चिपवर एसटीएम32एफ103 किंवा जीडी32एफ103 असं लिहिलंय का. चिपवरची अक्षरं घासून काढलेली असतील तर बोर्ड सोडून द्यावा आणि चाकं तेवढी घ्यावीत.